चार छोटी नाटकं आणि उजनीचं पाणी

मागच्या महिन्यात एका वीकेंडला चार नाटकं पाहिली. शनिवारी दोन, रविवारी दोन. सोमवारी सकाळच्या कॉलला डोळे उघडत नव्हते, पण ते सोडा.

पुण्यात असे छोटे नाट्यमहोत्सव बऱ्यापैकी होत असतात. नावाजलेले नट नसतात, पोस्टरवर प्रायोजकांचे पंधरा लोगो नसतात. शंभरेक खुर्च्या, काळे पडदे, आठ-दहा लाइट, आणि पहिल्या रांगेत बसलात तर नटाचा घाम दिसतो एवढंच अंतर. मला हा प्रकार जाम आवडतो. मोठ्या नाट्यगृहात मागच्या रांगेत बसून विनोदाच्या जागी हसायचं आणि मध्यंतरात बटाटेवडा खायचा, यातही मजा आहे, नाही असं नाही. पण या लहान खोलीत नट एखादं वाक्य विसरला तर आपल्या पोटात गोळा येतो. तिथे तसं होत नाही.

तर ती चार नाटकं. पहिलं एका जोडप्याचं. फ्लॅट, ईएमआय, संशय. संवाद खुसखुशीत होते, पण बाहेर येऊन चहा घेईपर्यंत विसरलो. (आमचंच आयुष्य असल्यामुळे असेल कदाचित.) दुसरा एका मुलीचा एकपात्री प्रयोग. पाऊण तास, एक स्टूल, एक पत्र्याची ट्रंक. आजीच्या ट्रंकेतून ती एकेक वस्तू काढत जाते आणि प्रत्येक वस्तूबरोबर तिचा आवाज बदलतो. शेवटी ट्रंक रिकामी होते तेव्हा ती स्वतःच त्यात जाऊन बसते आणि काही बोलत नाही. तब्बल दोन मिनिटं. शंभर माणसं दोन मिनिटं गप्प बसलेली मी आमच्या कंपनीत कधी पाहिलेली नाहीत. चारांतलं सगळ्यात चांगलं हेच. तिसऱ्यात प्लॅस्टिकच्या मोठमोठ्या शीट होत्या, खूप पळापळ होती, आणि नंतरच्या चर्चेत दिग्दर्शकाने जे सांगितलं ते नाटकात नेमकं कुठे होतं ते मला कळलं नाही. असो.

चौथं गावावरचं होतं. दुष्काळ, कर्ज, सोसायटीचा साहेब, विकायला काढलेली बैलजोडी. मुलं ताकदीची होती, म्हातारीचं काम करणारी तर फारच. मी रडलो, खोटं कशाला बोलू? पण काही गोष्टी खटकत राहिल्या. सगळ्यांची बोली एकच, आणि ती महाराष्ट्रातल्या कुठल्याच जिल्ह्यात कोणी बोलत नाही. दर वाक्याच्या शेवटी 'बगा' लावलं की झालं ग्रामीण! नाटकातला बाप पाण्यासाठी सारखा आभाळाकडे बघतो. आमच्याकडचा बाप मोबाईलकडे बघतो, कारण धरण आज किती टक्क्यांवर आलं त्याचा मेसेज तिथे येतो.

प्रयोगानंतर चर्चा होती. माझ्या मागच्या बाई म्हणाल्या, "किती ऑथेंटिक!" मी हात वर केला आणि विचारलं, "हा प्रयोग एखाद्या गावात केलाय का?"

दिग्दर्शक माझ्याच वयाचा असेल, सज्जन मुलगा. म्हणाला, "इच्छा खूप आहे सर, पण तिकडे स्पेसेस नाहीत ना."

'सर' म्हणाल्यामुळे तिथे भांडता आलं नाही. म्हणून इथे लिहितोय.

माझं गाव उजनीच्या काठावर आहे, सोलापूर जिल्ह्यात, करमाळा तालुक्यात. पुण्याच्या मित्रांना एवढं सांगितलं की कळत नाही. मग भिगवणला फ्लेमिंगो बघायला जाता ना, तेच पाणी, असं सांगावं लागतं. भीमेवरच्या या धरणाचं काम १९६९ ला सुरू झालं आणि १९८० ला संपलं. जलाशयाचं अधिकृत नाव यशवंतसागर, पण ते फक्त पाटीवर. साठा जवळजवळ ११७ टीएमसी, आणि गंमत म्हणजे त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. म्हणून उन्हाळ्यात आमचं धरण 'उणे' होतं. उणे वीस, उणे चाळीस. शाळेत ऋण संख्या शिकवायच्या आधीच आमच्याकडच्या पोरांना त्या येत असतात.

हे पाणी सोलापूर, पुणे आणि नगर (आता अहिल्यानगर) अशा तीन जिल्ह्यांत पसरलंय, आणि त्याखाली गावं आहेत. वरची गावं म्हणजे त्यांच्या पुढच्या आवृत्त्या. आमच्या भागात गावांना चक्क नंबर आहेत. केत्तूर नं. १, केत्तूर नं. २. चिखलठाण नं. १, नं. २. वांगी तर एक, दोन, तीन अशी चालूच. ऑफिसात मी एकदा हे सांगितलं तर टीममधला एकजण म्हणाला, "म्हणजे व्हर्जनिंग?" म्हटलं हो, फक्त मूळ सोर्स पाण्याखाली आहे आणि बॅकअप कोणी घेतलेला नाही.

२०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठच्या आसपास गेलं. इतकं खाली गेलेलं माझ्या आठवणीत नव्हतं. जिकडे तिकडे जुनी देवळं, वाड्यांच्या भिंती, पायऱ्या वर आल्या. पलीकडच्या काठावर पळसदेवचं पळसनाथाचं देऊळ बघायला तर गाड्याच्या गाड्या येत होत्या. आम्हीही आजीला घेऊन आमच्या जुन्या गावाकडे गेलो. भेगाळलेला गाळ, शिंपले, फाटकी जाळी, आणि मध्ये दगडांचे ढीग. मला सगळे ढीग सारखेच दिसत होते. आजी मात्र त्यातून गल्लीने चालावं तशी चालत होती. इथं चावडी. इथं लोहाराचं घर. मग एका चौकोनी दगडी कट्ट्यापाशी थांबली आणि म्हणाली, "हितं तुझा आज्जा राणी झालता."

मला वाटलं चुकून बोलली. तर नाही. गावच्या जत्रेला दरवर्षी गावातलीच पोरं वग बसवायची. पडदे भाड्याने आणायचे, पेटीवाला शेजारच्या गावचा, आणि राणीचं काम सलग पाच वर्षं आजोबांकडे, कारण त्यांना मिशा उशिरा आल्या. हे मला सत्तावीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं! माझ्या वडिलांनाही नीट माहीत नव्हतं. नवीन गावात प्लॉट मिळाले, शाळा मिळाली, रस्ता मिळाला (उशिरा का होईना). कट्टा काही मिळाला नाही. पुनर्वसनाच्या यादीत कट्टा कोण लिहिणार? आणि नाटक करणारी पोरं तोवर तीन ठिकाणी पांगली होती. आजी म्हणाली, "त्यानंतर न्हाई झालं परत. कुनी कुनाला बोलवायचं?"

कॉलेजात असताना आसक्तचं 'मैं हूँ यूसुफ और ये है मेरा भाई' पाहिलं होतं. मोहित टाकळकरने केलेलं, १९४८ च्या पॅलेस्टाईनमधलं. दोन भाऊ आणि त्यांचं सुटणारं गाव. ते बघून मी आठवडाभर अस्वस्थ होतो, होस्टेलवर सगळ्यांचं डोकं खात होतो. पॅलेस्टाईनमधल्या एका गावासाठी मी इतका हळहळलो, आणि स्वतःच्या बुडालेल्या गावात नाटक व्हायचं हे मला माहीत नव्हतं. यात नाटकाचा दोष नाही. उलट त्या नाटकामुळेच मला पुढे आजीला प्रश्न विचारावेसे वाटले. पण पुण्यात बसून सगळ्या जगाचं विस्थापन बघणाऱ्या आम्हा लोकांना दीडशे किलोमीटरवरचं दिसत नाही, एवढं नक्की. धरणग्रस्तांवर विश्वास पाटलांची 'झाडाझडती' आहे, तिला १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. उजनीवरचं नाटक मात्र मी अजून पाहिलेलं नाही.

आणि पुणं उजनीला काय देतं? आपलं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून उजनीत जातं. उन्हाळ्यात ते पाणी हिरवं होतं, हात घातला तर खाजतं. सोलापूरकरांना यावर बोलतं करू नका, रात्र जाईल. मला त्या दिवशी चर्चेत बसल्या बसल्या हेच वाटत होतं. खाली पाठवायला आपल्याकडे एवढंच आहे का?

आता 'स्पेसेस नाहीत' या मुद्द्याकडे येतो.

मराठी प्रायोगिक रंगभूमीचं सगळ्यात गाजलेलं ठिकाण कुठलं? छबिलदास. म्हणजे दादरच्या एका शाळेचा हॉल. अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या 'आविष्कार'ने १९७४ पासून तिथे नाटकं केली, आणि पुढे शाळेच्या नावाचीच चळवळ झाली. तिथून निघाल्यावरही ते माहीमला महापालिकेच्या शाळेतच गेले. कलकत्त्यात बादल सरकारांनी तर रंगमंचच टाकून दिला. अंगणात, मैदानात, बागेत नाटक, तिकीट नाही, ज्याला जमेल त्याने द्यावं. त्यांची 'शताब्दी' ही संस्था गावोगाव पायी फिरून प्रयोग करायची. हे सगळं आपल्या प्रायोगिकवाल्यांना तोंडपाठ असतं, माझ्यापेक्षा जास्त. मग उजनीकाठच्या प्रत्येक गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे, तिला व्हरांडा आहे, समोर पटांगण आहे, त्याला स्पेस का म्हणायचं नाही?

बरं, तिकडच्या प्रेक्षकांना नाटक बघायची सवय नाही म्हणावं तर तेही खोटं. अकलूजची लावणी स्पर्धा १९९३ पासूनची. मोडनिंबची कला केंद्रं कोणाला माहीत नाहीत? जत्रेत तमाशाचा तंबू लागतो, सप्ताहात कीर्तन आणि भारूड असतं. बाई होऊन उभा राहिलेला पुरुष, एकाच माणसाने केलेली चार सोंगं, प्रेक्षकाला थेट विचारलेला प्रश्न... आपण ज्याला फोर्थ वॉल तोडणं म्हणतो आणि त्याच्यावर वर्कशॉप घेतो, ती भिंत तिकडे कधी बांधलेलीच नव्हती.

उलट दिशेने आलेलं एक नाटक सगळ्यांना आठवत असेल. 'शिवाजी अंडरग्राउंड इन भीमनगर मोहल्ला', २०१२ चं. संभाजी भगतांची कल्पना, राजकुमार तांगडेंचं लेखन, नंदू माधव यांचं दिग्दर्शन, आणि कलाकार जालना जिल्ह्यातल्या जांबसमर्थ आणि आसपासच्या गावांतले. हीच मंडळी आधी तिथे नाटकं करत होती. विजेच्या चोरीवरचं 'आकडा' त्यांचंच. मी 'शिवाजी अंडरग्राउंड' बघितलं तेव्हा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला होतो. घरी फोन करून सांगितलं तर वडिलांनी विचारलं, "भीमानगर म्हणजे धरणावरचं काय?" (उजनी धरणाच्या पायथ्याशी भीमानगर आहे. म्हटलं नाही हो आप्पा, ते वेगळं.) ते नाटक बघताना मला पहिल्यांदा वाटलं की गावाकडची बोली स्टेजवर हशा मिळवण्यासाठी नसते, तिच्यात युक्तिवाद करता येतो. पण त्यांना जालन्याहून मुंबई-पुण्याला यावं लागलं, तेव्हा कुठे आपल्याला कळलं. आपण मात्र तिकडे जायचं म्हटलं की स्पेसेस नसतात.

इतकं बोलतोय कारण गेल्या जानेवारीत आम्ही एकदा गेलो होतो. 'आम्ही' म्हणजे माझ्या ओळखीचा एक नाटकाचा ग्रुप. सगळे नोकऱ्या करून शनिवारी तालमी करणारे. मी त्यांचा ड्रायव्हर, लाइटवाला आणि स्थानिक मार्गदर्शक. कॉलेजात असताना पुरुषोत्तम करंडकाला दोन वर्षं बॅकस्टेज केलं होतं, तेवढीच माझी पात्रता. (त्या स्पर्धेबद्दल एकदा वेगळं लिहायचंय. १९६३ पासून चालू आहे, आणि २०२२ साली परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या तोडीची नाही म्हणून कोणालाच दिला नव्हता. इतकं परखड आमचं अप्रेझलसुद्धा नसतं.)

एकांकिका पन्नास मिनिटांची. दोन भाऊ, एक मोजणीचा माणूस, आणि बांधावरचा एक दगड. पुण्यात सहा प्रयोग झाले होते, लोकांनी वाखाणलं होतं. आम्ही टेंभुर्णीवरून कंदरच्या रस्त्याला लागलो, दोन्ही बाजूंनी केळीच्या बागा, आणि मागच्या सीटवरून आवाज आला, "अरे, इथे तर सगळं हिरवं आहे!" नाटकातलं गाव कोरडं होतं ना, त्यामुळे त्यांना बिचाऱ्यांना फसवल्यासारखं झालं.

शाळेची किल्ली गुरुजींनी दिली. मांडववाला स्वतःहून माइक घेऊन आला, एको लावलेला. माइक नको म्हटल्यावर त्याचा चेहरा पडला, मग त्याला दोन हॅलोजनचं काम दिलं. आठची वेळ होती. साडेआठपर्यंत पोरं सोडून कोणी नाही. नऊला सगळं गाव! मग सत्कार. नारळ, शाल, तीन भाषणं. आमचा दिग्दर्शक व्हरांड्याच्या खांबाआड उभा राहून घड्याळ बघतोय. सव्वानऊला एकदाचं नाटक सुरू झालं.

पहिली दहा मिनिटं भीती वाटली. पोरं नटांच्या पायांत येत होती, बायका आपापसात कोण कोणासारखा दिसतो ते ठरवत होत्या. मग मोजणीवाला आला आणि पटांगण एकदम शांत झालं. त्या माणसाला सगळे ओळखत होते, म्हणजे त्या नटाला नव्हे. पुण्यात त्या पात्राला लोक हसायचे. इथे कोणी हसलं नाही. पुढे मोठा भाऊ रात्री गुपचूप बांधावरचा दगड सरकवतो, तो आमचा सगळ्यात ताणलेला मूक प्रसंग. तर मागून एकजण मोठ्याने म्हणाला, "आरं, एवढा कशाला सरकवतो? दोन बोटं सरकव, दर साली." पटांगणभर हशा. नट क्षणभर थांबला, दगडाकडे बघितलं, आणि दगड मागे घेऊन दोनच बोटं सरकवला. मी आजवर पाहिलेल्या सगळ्या नाटकांत मला सगळ्यात आवडलेला क्षण कुठला विचाराल तर हा.

आणि मग दहा वाजता आपत्ती आली. शेवटचा प्रसंग सुरू व्हायच्या बेतात, आणि पुरुष उठायला लागले. एक, दोन, पाच, पंधरा. बघता बघता अर्धं पटांगण रिकामं. दिग्दर्शकाचा चेहरा पांढराफटक. मला म्हणाला, "काय चुकलं रे?" काही चुकलं नव्हतं. लाइट आली होती. शेतीची थ्री फेज. त्या आठवड्यात आमच्या फीडरला रात्री दहा ते सहा होती. मोटारी चालू करायला जावंच लागतं. नाटक कितीही रंगलेलं असलं तरी केळीला पाणी कोण देणार? आणि हे मला, त्याच गावच्या माणसाला, आठवलं नव्हतं. पुण्यात आपण मॅच आहे का बघून तारीख ठरवतो. तिकडे लाइटचं टाइमटेबल बघायचं असतं. दहा वर्षं पुण्यात राहिल्याचा परिणाम, दुसरं काय.

शेवटचा प्रसंग बायका, पोरं आणि म्हाताऱ्यांसमोर झाला. त्यात धाकटा भाऊ, जमीन हातची गेल्यावर, बांधावर बसून हमसून हमसून रडतो. पुण्यात इथे नाकं ओढल्याचे आवाज येतात. इथे काहीच नाही. टाळ्या वाजल्या, पण कशा, सत्काराला वाजतात तशा.

नंतर सगळे आमच्या घरी जेवायला. चिलापीचं कालवण, भाकरी. धाकट्या भावाचं काम करणारा मुलगा हिरमुसला होता. आजी त्याला वाढत होती. वाढता वाढता म्हणाली, "तू रडतूस चांगलं. पर जमीन गेल्यावर मानूस लगीच रडत न्हाई बाळा. आदी जेवतंय."

कोणी काही बोललं नाही.

"आमी गाव सोडलं त्या दिशी मी पिठलं केलतं," आजी म्हणाली. "ट्रॅक्टर भरून झाला, मग पंगतीला बसल्यावानी समदी जेवली. तुझा आज्जा तर दोन भाकरी जास्त. आन रडला कवा? धा म्हैन्यांनी. न्हावी दाढी करत हुता तवा."

मी सत्ताविसाव्या वर्षी हे पहिल्यांदा ऐकत होतो, एका परक्या मुलाला सांगितलं म्हणून.

गाडीतून परत येताना ग्रुपमध्ये जोरदार भांडण झालं. दिग्दर्शकाचं म्हणणं, प्रयोग फसला. लय गेली, शांतता मिळाली नाही, शेवट अर्ध्यांनी पाहिलाच नाही. खर्च सोळा हजार, आणि लोकांनी टोपीत टाकलेले तीन हजार दोनशे (शिवाय केळीचे दोन घड). "अशा परिस्थितीत नाटक होत नाही, इव्हेंट होतो," असं तो म्हणाला. त्याचं अगदीच चूक नाही. प्रायोगिक नाटकाला एकाग्रता लागते, ती विकत घ्यायलाच आपण त्या काळ्या खोलीत जातो. ट्रंकेतल्या मुलीची ती दोन मिनिटं पटांगणात टिकतील का, मला खरंच शंका आहे. मी त्याला तेव्हा एवढंच म्हटलं की आपण एक रात्र जाऊन शहाणे झालो, त्यांना मात्र पुन्हा काही बघायला मिळणार नाही, हे बरं दिसत नाही.

पण महिन्याभराने पुण्यात त्याच एकांकिकेचा सातवा प्रयोग झाला. शेवटचा प्रसंग बदलला होता. धाकटा भाऊ बांधावर बसतो, फडकं सोडतो, आणि भाकरी खातो. पूर्ण भाकरी. चार मिनिटं. मध्येच पाणी पितो. संपलं की फडकं झटकतो आणि लाइट जातात. मी प्रेक्षकांकडे बघत होतो. एकानेही मोबाईल काढला नाही. नंतर एक ज्येष्ठ गृहस्थ दिग्दर्शकाला म्हणाले की हा शेवट तुम्हाला सुचला कसा? तो माझ्याकडे बघून हसला. आजीचं नाव काही त्याने घेतलं नाही, पण ठीक आहे.

म्हणून मला ते 'तिकडे जाऊन समाजासाठी काहीतरी करू' वगैरे पटत नाही. प्रबोधन करायला तर मुळीच जाऊ नये, व्यसनमुक्तीची पथनाट्यं बघून लोक कंटाळलेत. नाटक चांगलं व्हावं म्हणून जावं. आणि गावात गावाचंच नाटक न्यावं असंही नाही. फ्लॅट आणि ईएमआयचं न्या की! आमच्याकडची निम्मी पोरं हडपसर-वाघोलीला भाड्याने राहतात, त्यांच्या आईबापांना कळू दे आम्ही तिकडे काय करतो ते.

पैशाचं म्हणाल तर साधं गणित आहे. महोत्सवाचं तिकीट अडीचशे. त्यात वीस रुपये वाढवा. शंभर खुर्च्या, चार प्रयोग, आठ हजार होतात. एका गावच्या फेरीचा निम्मा खर्च निघाला. उरलेल्यासाठी टोपी फिरवा, माझ्यासारख्या वीकेंडवाल्यांकडून हक्काने घ्या. आम्ही तसेही चर्चेत फुकट प्रश्न विचारत असतो.

एक गोष्ट मात्र पैशाने सुटणारी नाही. जुन्या गावात जत्रेचा वग असला की नदीपलीकडून माणसं यायची. उन्हाळ्यात भीमा पायी ओलांडता यायची, आजी सांगते. आता मध्ये मैलोन्मैल पाणी. २१ मे २०२४ ला संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहा जण गेले. त्यानंतर बोटीचं नाव काढलं की घरातले गप्प होतात. रस्त्याने जायचं तर टेंभुर्णीवरून मोठा वळसा. म्हणजे पलीकडच्या काठावर दुसरा प्रयोग करावा लागणार, आणि आजीच्या माहेरची माणसं पलीकडेच आहेत. ती विचारत होती, "तिकडं न्हाई का करनार?" मी हो म्हटलंय. बघू.

त्या ट्रंकवाल्या मुलीला मी मेसेज केला होता. मला वाटलं नव्हतं, पण तिने लगेच फोन केला. लाइट किती मिळतील विचारलं. म्हटलं दोन हॅलोजन, आणि रात्रपाळीची थ्री फेज नसलेला आठवडा मी शोधतो. मे महिन्यात शाळेला सुट्टी असते, म्हणजे किल्लीचा प्रश्न नाही. स्टूल शाळेतलं चालेल म्हणाली. ट्रंक एसटीतून आणणं अवघड, तिकडे कोणाची मिळेल का, असं विचारलं.

आजीकडे आहे एक, जुन्या गावातून आलेली. मी रविवारी फोनवर मागून बघितली. म्हणाली, "देत न्हाई. तिच्यात सामान हाय."